गंज कोणत्या तारखेचा?

रणगाड्याच्या लघुप्रतिकृतीला रंग देण्याचे काम दोन टप्प्यांत होते, आणि या दोन टप्प्यांमागची तत्त्वे एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. पहिल्या टप्प्यात जोडलेल्या प्लॅस्टिकच्या भागांवर प्रायमर, म्हणजे पुढचा रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, आणि त्यावर लष्करी रंगाचा एकसारखा हात चढतो; दुसऱ्या टप्प्यात, ज्याला प्रतिकृतिकार वेदरिंग म्हणतात, त्याच स्वच्छ रंगावर ऊन, पाऊस, धूळ, चिखल, तेल, धूर आणि माणसांचा वावर यांच्या खुणा पुन्हा रंगानेच उमटवल्या जातात. पहिल्या टप्प्यात कारखान्याचे अनुकरण असते आणि कारखान्याने काय केले याच्या नोंदी बहुधा सापडतात. दुसऱ्यात काळाचे अनुकरण असते, आणि एखाद्या गाडीवर अमुक दिवशी किती धूळ बसली होती हे लिहून ठेवण्याचे कारण कोणालाच नसल्यामुळे रंगवणाऱ्याला तेथे अनुमानावर चालावे लागते. अनुमान कोठे संपते आणि हौस कोठे सुरू होते, हा या संवादाचा विषय आहे.

उदाहरणासाठी घेतलेला रणगाडा पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेजिमेंटचा आहे. दुसऱ्या बाजीरावाशी १८१७ साली झालेल्या पुण्याच्या तहातून जे सहायक घोडदळ उभे राहिले, त्याचीच पुढे पूना हॉर्स झाली. घोडे जाऊन रणगाडे आले तरी नाव टिकले. १९६५ च्या युद्धात फिलोरा आणि चविंडा येथील लढायांत या रेजिमेंटचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर रोजी धारातीर्थी पडले. त्यांच्या रणगाड्याचे नाव ‘खुशाब’ होते आणि ते रेजिमेंटने १८५७ साली इराणात गाजवलेल्या लढाईवरून आलेले होते. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ज्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यातच झाला होता, ‘फामागुस्ता’ या सेंच्युरियन रणगाड्यातून लढताना हुतात्मा झाले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. ‘फामागुस्ता’ पुढे दुरुस्त करण्यात आला आणि तो अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. येथे विचारात घेतलेली प्रतिकृती याच रणगाड्याची आहे आणि तिचे प्रमाण १:३५ आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, त्यातून हे प्रमाण अपघातानेच रूढ झाले. तोफेच्या नळीसह जवळजवळ दहा मीटर लांबीचा सेंच्युरियन या प्रमाणात सुमारे २८ सेंटीमीटरचा होतो.

वाद घालणारे दोघे कल्पित आहेत आणि त्यांना दोन मतांपलीकडे चरित्र नाही. एक चिलखती वाहनांच्या दुरुस्तीत नोकरी करून निवृत्त झालेला जवान आहे, ज्याला गावात, हुद्दा काहीही असो, रीतीप्रमाणे ‘मेजर’ म्हणतात. दुसरे भोरच्या बाजूचे चित्रकला शिक्षक आहेत, त्यांना ‘गुरुजी’ म्हणावे. वादाची जागा मात्र हेतुपूर्वक निवडलेली आहे. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना नीरा देवघर धरणाच्या पाण्याकाठी लागणारे हिर्डोशी हे हिरडस मावळातले गाव सह्याद्रीच्या माथ्याला इतके लगटून आहे की तेथील पाऊस आणि तेथील तांबूस माती या दोन्ही गोष्टी प्रतिकृतीच्या रंगकामात स्वतःहून भाग घेतात.

मेजर : “गुरुजी, प्रतिकृतींच्या प्रदर्शनात जो रणगाडा पाहावा तो भंगारबाजारातून उचलून आणल्यासारखा दिसतो. मडगार्डपासून टरेटपर्यंत, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजापर्यंत, सगळीकडे नारिंगी गंजाचे ओघळ असतात. पलटणीत दररोज मेंटेनन्स परेड असते, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रत्येक क्रू आपल्या गाडीची साफसफाई, ग्रीसिंग आणि तपासणी करतो, आणि अशा गाडीवर नारिंगी गंज दिसला तर गाडीच्या कमांडरची धडगत नसते. जाड चिलखताच्या पोलादावरचा रंग खरवडला गेला तर आधी खालचे रेड ऑक्साइड दिसते, अधिक खोल गेले तर काळपट पोलाद, आणि त्याच्यावर येणारा गंज तपकिरी व पातळ असतो. १९७१ चे युद्ध दोन आठवड्यांत संपले. दोन आठवड्यांत एवढा गंज कोठून आणता?”

गुरुजी : “मेजर, गाडी दुरुस्त करणाऱ्याची नजर हातभर अंतरावर असते आणि प्रतिकृती पाहणाऱ्याची तशी नसते. दिवाळीत मुले किल्ला करतात आणि त्यावर अळीव पेरतात. त्या अळिवाचा एकेक देठ किल्ल्याच्या मापाने ताडाएवढा उंच असतो, तरी ते गवत आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. लहान आकाराच्या वस्तूला काही गोष्टी मोठ्याने बोलाव्या लागतात. ब्रशच्या टोकाने काढता येणारा लहानात लहान ठिपका अर्धा मिलीमीटर धरला, तर खऱ्या गाडीवर तो साडेसतरा मिलीमीटरचा होतो. म्हणजे नखाएवढा ओरखडा दाखवायचा झाला तरी तो अंगठ्याएवढा होणारच.”

मेजर : “मग तो दाखवूच नये. प्रतिकृती ६० सेंटीमीटरवरून पाहिली तर ते खरा रणगाडा २१ मीटरवरून पाहिल्यासारखे आहे. एकवीस मीटरवरून नखाएवढा ओरखडा कोणाच्या लक्षात येतो? तेवढ्या अंतरावरून धूळ दिसते, चिखल दिसतो, सायलेन्सरचा भाजलेला रंग दिसतो आणि गाडीवर बांधलेली ताडपत्री दिसते.”

येथे मेजरांचे गणित बिनचूक आहे आणि अळिवाचे उदाहरण त्याला उत्तर देत नाही, कारण अळीव गवताचा आभास करतो, तर अंगठ्याएवढा ओरखडा न घडलेल्या घटनेचा. परंतु गुरुजींच्या पक्षाचे खरे बळ ओरखड्यांत नसून प्रकाशात आहे, आणि तो मुद्दा प्रतिकृतिकारांच्या जगात बऱ्याचदा चुकीच्या कारणासह मांडला जातो. लहान वस्तूवर सावल्या पुरेशा पडत नाहीत, म्हणून त्या रंगवाव्या लागतात, असे सांगितले जाते. वास्तविक सावल्यांची भूमिती आकारावर अवलंबून नसते, आणि त्याच दिशेने, तेवढ्याच कोनाच्या स्रोतातून प्रकाश आला तर २८ सेंटीमीटरच्या रणगाड्यावर दहा मीटरच्या रणगाड्याचीच सावली प्रमाणात पडते. बदलतो तो प्रकाशाचा स्रोत. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा असतो आणि त्याची सावली धारदार असते, तर खोलीतली लांब ट्यूबलाइट आणि उजळ भिंती मिळून प्रतिकृतीभोवती ढगाळ आकाश तयार करतात. पंजाबातल्या डिसेंबरच्या उन्हात उभा असलेला रणगाडा ट्यूबलाइटखाली ठेवायचा असेल, तर हरवलेले ऊन कोणीतरी रंगाने परत आणले पाहिजे, आणि हे काम वॉश करतो. वॉश म्हणजे टर्पेंटाइनसारख्या द्रवात अतिशय पातळ केलेला गडद रंग, जो झडपांच्या फटींत, बोल्टांच्या बुडाशी आणि वेल्डिंगच्या रेषांत केशाकर्षणाने आपोआप धावतो. त्याच्या उलट कोरडा ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवणे, हा कडांवर पडलेल्या उन्हाचा पर्याय आहे. बेल्जियमच्या फ्राँस्वा व्हर्लिंडेन यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या दोन युक्त्यांना जगभर चलन मिळवून दिले; पुढे स्पेनच्या मिग हिमेनेस यांच्या पिढीने तैलरंगांचे आणि रंगभुकटीचे तंत्र वाढवून वेदरिंगला जवळजवळ चित्रकलेच्या रांगेत नेऊन बसवले. रंगवलेली सावली हा मळ नव्हे, आणि ज्या दर्शकाला दोन्हींतला भेद कळत नाही तो स्वच्छ गाडीलाही मळकी म्हणतो. मेजरांचा राग काही अंशी या गोंधळातून आलेला आहे, हे मान्य करावे लागते.

यानंतरचा वाद मातीचा होता आणि त्यात दोघेही अधिक तयारीचे निघाले.

गुरुजी : “घाटरस्त्याच्या कडेची माती तव्यावर भाजून, वस्त्रगाळ करून ठेवली आहे. भाजल्यामुळे तीत बुरशी धरत नाही आणि कपड्यातून गाळल्यामुळे कण मापाबाहेर राहत नाहीत. अर्ध्या मिलीमीटरचा वाळूचा कण चाकाला चिकटला तर तो खऱ्या गाडीवर सुपारीएवढा दगड होतो. विकतच्या रंगभुकटीपेक्षा ही माती खरीच असल्याने अधिक खरी दिसते.”

मेजर : “खरी आहे, पण हिर्डोशीची आहे. ही तांबडी माती चाकांना लागली म्हणजे ‘फामागुस्ता’ वरंधा घाटात लढला, असे पाहणाऱ्याने समजायचे का? तिकडे रावी आणि तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे. वाळला की फिकट, राखी पिवळट पिठासारखा उडतो आणि ओला झाला की काळपट तपकिरी होऊन रणगाड्याच्या पट्ट्यांत, म्हणजे ट्रॅकमध्ये, घट्ट बसतो. तांबडेपणा त्यात जवळजवळ नाही.”

गुरुजींनी हा आक्षेप ताबडतोब मान्य केला, आणि हे योग्यच झाले, कारण मातीचा रंग ही वेदरिंगमधली सर्वांत सहज तपासता येणारी आणि सर्वांत वारंवार चुकणारी बाब आहे. मात्र रंग बदलल्याने प्रश्न संपत नाही. बसंतरची लढाई एका ठिकाणी आणि एका क्षणी घडलेली नव्हती. १५ डिसेंबरच्या रात्री नदी ओलांडून सुरुंगक्षेत्रांतून वाट काढली गेली, १६ तारखेच्या सकाळपासून प्रतिहल्ले सुरू झाले, आणि दिवसभर रणगाडे शेतांतून व मोकळ्या जमिनीवरून हलत राहिले. मळाचे थर या घटनांच्या क्रमानेच लावले पाहिजेत, म्हणजे प्रतिकृतीच्या रंगकामाचा क्रम तंत्राच्या सोयीने ठरवता येत नाही. सर्वांत खाली मोहिमेपूर्वीच्या दिवसांतली बारीक धूळ, जी सपाट पृष्ठभागांवर बसते आणि दवामुळे उभ्या पत्र्यांवर फिकट ओघळ सोडते. तिच्यावर टाकीच्या झाकणाभोवती सांडलेल्या इंधनाचे आणि चाकांच्या मध्यभागातून पाझरलेल्या ग्रीसचे डाग, जे धुळीला गडद करतात. त्यावर नदीकाठच्या ओल्या गाळाचा थर, फक्त खालच्या अंगाला आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजूला. दुपारपर्यंत त्याच गाळाच्या कडा सुकून फिकट झालेल्या, मधला भाग अजून ओला. आणि सर्वांत वर तोफेच्या तोंडाजवळची काजळी. हा क्रम उलटला, उदाहरणार्थ ग्रीसचा डाग वाळलेल्या गाळाच्या वर आला, तर तो डाग लढाईनंतरचा ठरतो, आणि सूक्ष्म नजरेच्या प्रेक्षकाला ती चूक इतिहासाच्या पुस्तकातल्या चुकीच्या तारखेसारखीच खुपते.

या थरांपैकी तेलाचे डाग रंगवण्याची गुरुजींची रीत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. कॅम्लिनच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर, म्हणजे भाजलेल्या मातीचा तपकिरी तैलरंग, ते थेट वापरत नाहीत. आधी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळून तासभर तसाच ठेवतात, जेणेकरून रंगातले जास्तीचे अळशीचे तेल पुठ्ठा शोषून घेईल आणि डाग वाळल्यावर चकाकणार नाही. मग त्याचा टाचणीच्या माथ्याएवढा ठिपका चाकाच्या मध्यभागी ठेवून टर्पेंटाइनमध्ये भिजवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश बाहेरच्या दिशेला ओढतात, म्हणजे फिरत्या चाकाने ग्रीस जसे केंद्रापासून परिघाकडे फेकले असते तशी रेघ उमटते. ताज्या डागासाठी मात्र हाच रंग पुठ्ठ्यावर न ठेवता वापरतात, कारण ताजे तेल चकाकते आणि चकाकी हाच त्याच्या ताजेपणाचा पुरावा असतो. मेजरांनी या रीतीत एकच दुरुस्ती सुचवली : गळती सगळ्या चाकांना सारखी नसते, म्हणून एका बाजूला दोन किंवा तीन चाकांवरच डाग द्यावा आणि उरलेली चाके कोरडी ठेवावीत.

पट्ट्यांच्या बाबतीतही मेजरांचा अनुभव कामी आला. सेंच्युरियनच्या पट्ट्यांच्या कड्या मँगनीजयुक्त पोलादाच्या ओतीव होत्या. हे पोलाद मार खाऊन अधिक कठीण होते आणि जमिनीला घासणारा भाग झिजून चांदीसारखा चकाकतो, तर खोलगट भागात तपकिरी पातळ थर राहतो. म्हणून पट्टे नारिंगी रंगवणे चूक, संपूर्ण काळे रंगवणेही चूक.

रंगाचा पुरावा कोणता मानावा, या प्रश्नावर मात्र दोघांची जुळणी झाली नाही.

गुरुजी : “प्रत्यक्ष ‘फामागुस्ता’ नगरला उभा आहे. त्याच्या रंगाशी आपला रंग पडताळून पाहावा, म्हणजे शंका राहणार नाही.”

मेजर : “लोखंड त्याच गाडीचे असले तरी रंग त्या दिवसाचा असेलच, असे नाही. उघड्यावर ठेवलेल्या गाडीला ऊनपावसापासून वाचवण्यासाठी वेळोवेळी नवा हात द्यावाच लागतो, आणि प्रदर्शनासाठी दिलेला हात चकचकीत असतो. रणांगणातला रंग मंद असतो, कारण चकाकी दुरून दिसते. संग्रहालयातल्या गाडीचा रंग घेतलात तर ती संग्रहालयाची प्रतिकृती होईल.”

गुरुजी : “मग उरतात ती छायाचित्रे, आणि त्यांतली बहुतेक काळीपांढरी. त्यांत हिरवा रंग आणि त्याच उजळपणाची तपकिरी धूळ यांचा करडा सारखाच येतो. हिरवा किती आणि धूळ किती हे त्यांवरून सांगता येत नाही.”

मेजर : “किती ते सांगता येत नाही, पण कोठे ते सांगता येते. धुळीची रेघ कोठे संपते, मडगार्ड कोठे वाकला आहे, बाजूचा पत्रा कोठे गळून पडला आहे, हे करड्या रंगातही दिसते.”

प्रस्तुत विवेचनाचा कल येथे मेजरांच्या बाजूने आहे. छायाचित्रातून रंग काढता येत नाही, परंतु मळाची जागा काढता येते. आणि जागा पक्की असेल, तर छटेत थोडा फरक पडला तरी प्रतिकृतीचे विधान खोटे ठरत नाही. उलट, छटा अचूक जुळवून मळ मनाला येईल तेथे लावणे ही चूक स्पर्धांतून बक्षीस मिळवणाऱ्या प्रतिकृतींतही आढळते आणि परीक्षकांना ती क्वचितच दिसते, कारण कौशल्याचे कौतुक मळाच्या हिशेबापेक्षा लवकर सुचते.

पावसाळ्यातील कामाबद्दल फारसा मतभेद नव्हता. एअरब्रश, म्हणजे दाबाखालच्या हवेने रंगाचा तुषार काढणारे पेनाएवढे साधन, हिर्डोशीत जून ते सप्टेंबर वापरणे धोक्याचे असते. कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेलेली दमट हवा पाण्याचे थेंब सोडते आणि ते थेंब रंगातून पृष्ठभागावर उडतात, म्हणून नळीत पाणी अडवणारा सापळा बसवावा लागतो. त्याहून मोठी अडचण लॅकरची, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाची, असते : त्यातला द्रव इतक्या वेगाने उडतो की पृष्ठभाग थंड पडून हवेतली वाफ त्यावर जमते आणि वाळणाऱ्या थरावर पांढरी झाक येते. वेदरिंगवरचा मॅट वार्निश, म्हणजे चकाकी मारणारा शेवटचा पारदर्शक थर, याच कारणाने दमट हवेत पांढुरका पडतो आणि आधीचे सगळे काम धूसर होते. तैलरंगाचे काम मात्र दमट हवेतही चालते, फक्त वाळायला अधिक दिवस लागतात.

यानंतर गुरुजींनी गंजाचा प्रश्न पुन्हा काढला, आणि आता त्यांच्याजवळ पहिल्यापेक्षा चांगले कारण होते.

गुरुजी : “नारिंगी गंज दोन आठवड्यांत येत नाही, हे मान्य. पण जळलेल्या गाडीवर तो काही दिवसांतच येतो. आगीत रंग आणि खालचे अस्तर दोन्ही जळून जातात, पोलाद उघडे पडते, चाकांवरचे रबर जळते, जागोजागी पांढरट राख राहते, आणि पहिल्याच दवात उघडे पोलाद नारिंगी होऊ लागते. ‘फामागुस्ता’ला गोळे लागले होते, त्याने पेट घेतला होता. म्हणजे ज्या गंजाची तुम्ही थट्टा केलीत, तो याच गाडीवर तंत्रदृष्ट्या शोभतो.”

मेजर : “शोभतो, पण त्याची तारीख १६ डिसेंबरनंतरची आहे. तो गंज रंगवलात की गाडीच्या आत काय झाले तेही रंगवल्यासारखे होते. एकवीस वर्षांचा मुलगा, गाडी सोडण्याचा आदेश मिळूनही तोफ चालते आहे म्हणून लढत राहिला. त्याची गाडी पलटण पुसूनपासून ठेवते, ती काही लपवाछपवी म्हणून नव्हे.”

गुरुजी : “स्वच्छ गाडी दाखवली, तर त्या गाडीला काहीच झाले नाही असे दिसेल. लहान मुलगा पाहील आणि म्हणेल, छान खेळणे आहे.”

मेजर : “म्हणू दे. खाली पाटी असते.”

या टोकाला दोन्ही पक्षांची तांत्रिक भाषा संपते. वेदरिंग म्हणजे वस्तूवर काळ रंगवणे असे मानले, तर प्रत्येक प्रतिकृतिकाराला कोणता क्षण रंगवायचा ते आधी ठरवावे लागते, आणि स्मारक झालेल्या वस्तूच्या बाबतीत ही निवड केवळ सौंदर्याची राहत नाही. नगरच्या आवारातील रणगाडा दुरुस्त अवस्थेत आहे. लष्कराने त्याच्यापुरती ही निवड केलेली आहे आणि तिचा अर्थ स्पष्ट आहे. प्रतिकृतीवर ती निवड बंधनकारक नाही. तरीही आघातांच्या नेमक्या जागा माहीत नसताना जळालेली बाजू रंगवणे म्हणजे ज्या बाबतीत चूक सर्वांत अक्षम्य त्याच बाबतीत अनुमान करणे होय, हा मेजरांनी न मांडलेला मुद्दा त्यांच्याच पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. गुरुजींच्या बाजूने एवढे म्हणावे लागते की स्वच्छता हाही एक दावा असतो आणि त्यालाही तारीख असते.

शेवटी ठरले ते असे : प्रतिकृती १६ डिसेंबरच्या सकाळची करायची, नदी ओलांडल्यानंतरची आणि पहिला गोळा लागण्यापूर्वीची. त्यामुळे गाळ राहतो, ग्रीस राहते, तोफेच्या तोंडाची काजळी राहते, आणि नारिंगी गंज जातो. सायलेन्सरचा भाजलेला तपकिरी रंग गुरुजींनी हट्टाने राखून घेतला. मेजरांनी त्यास हरकत घेतली नाही, कारण सायलेन्सर शांततेच्या काळातही भाजतो. टरेटवर नाव किती ठळक लिहायचे यावर एकमत होईना, तेव्हा ते काम तूर्त बाजूला ठेवण्यात आले, आणि मॅट वार्निशचा हात दसरा झाल्यावर, हवा कोरडी पडली की द्यावा, असे दोघांनी मान्य केले.